रणगाड्यामागचं घर

बातम्या लागल्या की आमच्या घरी माझं आणि ह्यांचं भांडण ठरलेलं. जगात कुठं ना कुठं लढाई चालू असतेच. पडद्यावर रणगाडे धावतात, निवेदक घसा ताणून ओरडतो, हे खुर्चीच्या टोकाशी येऊन बघत बसतात. आणि मी मध्येच म्हणते, "अहो, त्या गच्चीवर कपडे वाळत घातलेत बघा. काढायला कुणी आलंच नाही." हे वैतागतात. "तुला लढाईत कपडे दिसतात?" दिसतात, काय करू! ज्या माणसानं मला लढाई बघायला शिकवली, त्यानं ती अशीच शिकवली.

त्यांचं नाव चनबसप्पा. साहेबांपासून ड्रायव्हरपर्यंत सगळे अण्णाच म्हणायचे. आमचं सरकारी प्रसिद्धीचं ऑफिस सोलापुरात सात रस्त्याजवळ एका अरुंद जिन्याच्या वर होतं. एकाहत्तरची लढाई नुकती संपली होती तेव्हा मी तिथं टायपिस्ट म्हणून लागले. ऑफिसची एक गाडी होती. तिच्यात प्रोजेक्टर, जनरेटर, पडद्याचं कापड आणि दोन बांबू घालून संध्याकाळी गावोगाव जायचं आणि लोकांना सरकारी माहितीपट दाखवायचे. खतं, देवीची लस, कुटुंबनियोजन आणि त्या दिवसांत मुख्य म्हणजे युद्ध. मशिन चालवायचा अंबादास, विणकरांच्या घरचा, घरात तेलुगू बोलणारा. माइक अण्णांकडे. खेड्यांसाठी आलेली बरीचशी रिळं मुकी असायची. त्यांचा मजकूर इंग्रजीत यायचा, साहेब मराठी करायचे, मी टाइप करायची आणि अण्णांनी तो वाचायचा. निदान सरकारची तशी समजूत होती.

बायकांत बसायला एखादी बाई हवी, म्हणून मलाही गाडीत घालायचे. पडदा दोन बांबूंना ताणून मैदानाच्या मधोमध बांधलेला. पुढच्या अंगाला पुरुष, मागच्या अंगाला बायका. कापड पातळ, त्यामुळे चित्र आरपार दिसायचं, फक्त उलटं. आम्हा बायकांना पुढारी डाव्या हातानं हार स्वीकारताना दिसायचे. त्यानं कुणाचं काही अडलं नाही.

अण्णा उंच, खांद्यात जरासे वाकलेले, कपाळावर भस्माचे तीन पट्टे. बोलणं अर्धं मराठी, अर्धं कानडी. गाव मैंदर्गी, तिथं दोन्ही लागतंच. डबा उघडला की कडक भाकरीचा एक तुकडा आधी मोडून बाजूला ठेवायचे आणि जेवण झाल्यावर जो कुणी दाराशी दिसेल त्याच्या हातावर ठेवायचे. भिकारी असो, पोस्टमन असो, एकदा तर तपासणीला आलेले मोठे साहेब होते. त्यांनीही मुकाट्यानं खाल्ला. "कुणाच्या तरी ल्योकाचा वाटा हाय," एवढंच अण्णा म्हणायचे. आणखी एक सवय होती. बोलता बोलता त्यांचा उजवा हात सदऱ्यावरून छातीकडे जायचा, काहीतरी चाचपायचा आणि रिकामा खाली यायचा.

त्यांच्याबरोबरची माझी पहिली खेप अक्कलकोटच्या बाजूला होती. पडद्यावर आपले रणगाडे चिखल तुडवत पूर्वेला निघालेले. मी टाइप केलेल्या कागदावर होतं, 'आपल्या शूर जवानांनी शत्रूची दाणादाण उडवली.' अण्णांनी तो कागद घडी करून खिशात टाकला.

"हिंद नोड्री," ते माइकवर म्हणाले. "मागं बघा, मागं. रणगाडा सोडा, तो काय पळून चाललाय व्हय? त्याच्या मागं भाताचं रान हाय बघा. कापणीला आलंय, कापायला माणूस न्हाय. आन् ती म्हस बघा. दाव्याला तशीच हाय. म्हशीचं दावं सोडायला सवड न्हाय घावली, आसं पळाल्यात लोक."

पुरुषांतून एक म्हातारा उठला. "मग तिची धार कोण काढत आसंल ओ?"

"तेच की! मी बी तेच म्हनतो."

झालं! तिकडं पडद्यावर आपण लढाई जिंकतोय आणि इकडं अख्खं गाव म्हशीच्या काळजीत. परतताना मी अण्णांवर चांगलीच उखडले. रिबन बदलून बदलून मी तो मजकूर टाइप केला होता.

"बाई, लई ग्वाड टाइप केलंय तुमी," अण्णा म्हणाले. "पण रणगाडा लोकांस्नी दिसतोयच की. दिसतंय ते कशाला सांगायचं?"

व्हायचं तेच झालं. तालुक्याच्या एका पुढाऱ्यानं साहेबांच्या कानावर घातलं की तुमचा माणूस विजय सोडून शत्रूच्या म्हशी दाखवतो. साहेब पुण्याचे, सज्जन माणूस. त्यांनी अण्णांना बोलावून समजुतीनं सांगितलं, "अण्णा, लोकांना अभिमान वाटावा म्हणून हे आहे. मजकूर वाचत चला." अण्णा "व्हय साहेब" म्हणाले. पुढच्या गावी साहेब स्वतः आले. अण्णांनी मजकूर पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचला, रेशनच्या दुकानावरची पाटी वाचावी तसा. लोक चुळबुळायला लागले. खेळ संपल्यावर एक बाई वाटीत काढा घेऊनच आली. "अण्णा, अंगात ताप हाय का ओ? आज आवाजच लागंना तुमचा." साहेबांना हसू आवरेना. गाडीत बसताना ते म्हणाले, "म्हैस राहू द्या. पण आधी विजय सांगा." तेव्हापासून अण्णा एका वाक्यात विजय उरकायचे आणि मग सावकाश मागं जायचे.

ते असं का बघतात, हे मला कळलं ते अक्कलकोट रस्त्यावर गाडी पंक्चर झाली त्या दुपारी. ड्रायव्हर आणि अंबादास चाकाशी झटत होते, अण्णा आणि मी लिंबाच्या सावलीत बसलो होतो. त्यांचा हात पुन्हा छातीकडे गेला आणि मी न राहवून विचारलं, "अण्णा, तुमच्या गळ्यात लिंग कसं नाही?"

लिंगायतांच्या घरी जन्मलेल्या पोराच्या गळ्यात लहानपणीच इष्टलिंग बांधतात, चांदीच्या डबीत घालून, शिवदोऱ्यात ओवून. ते मरेपर्यंत अंगावरून उतरत नाही. मेल्यावर माणसाला बसवून पुरतात तेव्हा ते त्याच्या तळहातावर ठेवतात. लिंग नसलेला लिंगायत म्हणजे जिवंतपणी मेल्यासारखाच. अंबादासनं चाकाआडून माझ्याकडे डोळे वटारले. पण अण्णा रागावले नाहीत.

"हाय की. अव्वाच्या गळ्यात हाय."

मग त्यांनी सांगितलं. दुसऱ्या महायुद्धात ते सैन्यात सामानाच्या गाड्या हाकत होते. आफ्रिकेच्या वाळवंटात शत्रूच्या हाती सापडले आणि कैदी होऊन बोटीनं इटलीत गेले. पुढं इटलीच्या सरकारनं हात टेकले तशी छावणीचे पहारेकरी एका रात्रीत पळाले आणि कैदी डोंगरात पांगले. आता जर्मन शिपाई त्यांना हुडकत फिरू लागले. अण्णांना एका डोंगरउतारावरच्या घरात एका म्हातारीनं ठेवून घेतलं. काळे कपडे, डोक्याला फडकं. तिचा मुलगा रशियाच्या बर्फात लढायला गेलेला, त्याची खबर नव्हती. त्याचा कोट तिनं अण्णांना घातला.

"तिला माजं कानडी कळंना, मला तिचं कळंना. पण रागावली की बराबर कळायचं. मक्याचं पीठ रटरट शिजवायची, आन् आदी एक वाटा काढून ठेवायची. मला वाटलं देवाला. मग कळलं, ल्योकाला. तिचा हिशेब आसा, की हितं मी ह्याला घालते, तवा तितं माज्या पोराला कुणीतरी घालत आसंल. मी तिला अव्वा म्हनायचो. कानडीत आईला अव्वाच म्हनत्यात की."

"आणि लिंग?"

"बर्फ पडाय लागलं तवा जर्मन झडतीला आले. माजा कोट तिच्या ल्योकाचा, रंग उन्हानं रापलेल्या शेतकऱ्याचा. पण गळ्यात चांदीची डबी. अव्वानं शिवदोऱ्यासकट ती काढली आन् सोताच्या गळ्यात घातली, कपड्याच्या आत. मला मागच्या खिडकीतनं ढकलला. पळ म्हनली. ते बी बराबर कळलं." अण्णांनी सदऱ्यावरची धूळ झटकली. "वर रानात चढून मागं बघितलं, बाई. खाली धूर निघत व्हता. कैदी ठेवला म्हनून घरं जाळायचे ते. कुणाचं घर, ते काय दिसलं न्हाय."

"गावाचं नाव?"

"मुद्दाम न्हाय विचारलं. लपून ऱ्हानाऱ्यानं नाव विचारू न्हाय. पकडला, मारला, तर तोंडातनं जातंय."

म्हणजे पत्र कुठं टाकायचं तेही ठाऊक नाही. आपल्यामुळं अव्वाचं घर जळलं का, हा एकच प्रश्न उराशी धरून हा माणूस परत आला होता. घरच्यांनी, स्वामींनी सांगितलं, दुसरं लिंग घे, विधी करू. अण्णा नाही म्हणाले. माझं हरवलंय कुठं? ते ठेवायला दिलंय. अव्वा हाय का न्हाय ते कळल्याबिगर मी दुसरं कसं बांधू? भाऊबंदांनी नावं ठेवली. बायको गिरिजाक्का घरातली पूजा एकटी करायची. ती भांडायची ते एकाच गोष्टीवरून, "उद्या मेल्यावर ह्यांच्या हातावर काय ठेवू मी?"

मला ते ऐकून पुढं दोन दिवस टाइप करताना अक्षरं दिसेनात.

आता त्यांचं मागं बघणं मला कळलं. आमच्या कपाटात महायुद्धाच्या काळातलं एक जुनं मुकं रीळ होतं, तेव्हाच्या सरकारनं काढलेलं, 'इटलीत हिंदी सैन्य'. गर्दी जमेपर्यंत लावायला ते बरं पडायचं. जर्मन मागं हटले, आपले लोक डोंगर चढून गावागावात शिरले, पोरं हात हलवतायत, रणगाड्यावर फुलं पडतायत, असं सगळं छान छान. त्या रिळात मेलेलं माणूस एकही नव्हतं. त्यात एका जागी शिपायांची रांग चढणीनं जाते आणि तिच्या मागं उतारावर दगडी घर दिसतं. बाहेरून जिना, जिन्याखाली भट्टीचं तोंड, शेजारी मोठं झाड. दोन-तीन श्वास घ्यावे इतकाच वेळ दिसतं. ते आलं की अण्णा माइक खाली करायचे आणि दर खेपेला मान हलवायचे.

"तसंच हाय, पण ते न्हाय. अव्वाचा जिना डाव्या अंगाला. हा उजव्या अंगाला हाय."

एकदा, दोनदा नाही, वर्षानुवर्षं. मी एकदा म्हटलं, तिकडं अशी घरं पुष्कळ असतील. ते म्हणाले, "आसतील की. जळाली बी पुष्कळ."

त्यांचं रिटायर व्हायचं वर्ष आलं. त्याच सुमाराला मुंबईहून आदेश आला की जुनी रिळं परत पाठवा. साहेबांनी सांगितलं, ठरलेले खेळ तेवढे उरका आणि डबे बांधा. अण्णांचा हात छातीकडे जास्त वेळा जायला लागला.

कुंभारीला खेळ होता. वारा सुटलेला, पडद्याचं शिडासारखं फुगणं चाललेलं. माझ्या बाजूचा बांबू कलायला लागला आणि बायकांनी आरडाओरडा केला. अण्णा कधी बायकांच्या अंगाला पाऊल टाकायचे नाहीत, लई सोवळे त्या बाबतीत. पण दुसरं कुणी हाताशी नव्हतं. ते डोळे खाली घालून आले, बांबू दोन्ही हातांनी धरला आणि अंबादासला ओरडले, "चालू दे रं!"

तेच रीळ चालू होतं. शिपायांची रांग आली. घर आलं. अण्णांनी सहज वर बघितलं आणि बांबू सोडून दिला.

पडदा धाडकन आमच्या डोक्यांवर. पोरं रडायला लागली, बायका कापडाखालून शिव्या देत बाहेर निघाल्या. पडदा नाही म्हणून चित्र मागच्या लिंबावर पडत होतं, झाडावर रणगाडे चढलेले. आणि अण्णा त्या गोंधळात उभे राहून एकच ओरडत होते, "मनी सुट्टिल्ला! मनी सुट्टिल्ला!" घर जळलं न्हाय.

"अंबादास, पुन्ना लाव! मागं घेऊन लाव!"

बांबू उभा केला. या खेपेला तो मी धरला, आणखी दोघी बायकांनी धरला. अण्णा बायकांच्या मधोमध खाली बसले. घर आलं. आमच्या अंगानं जिना डावीकडे होता; आमच्याकडे सगळं उलटंच दिसायचं, म्हणून मी कधी त्याचा विचारच केला नव्हता. धुराड्यातून बारीक धूर. आणि जिन्यावर काळ्या कपड्यातली एक बाई, एक हात छातीशी धरून रांगेकडे बघत उभी. जिनाच चुकीचा वाटल्यामुळं पुढून बघताना अण्णांचं तिच्याकडे कधी लक्षच गेलं नव्हतं.

"अव्वा," अण्णा म्हणाले. "लिंगावर हात हाय तिचा."

खेळ थांबवून अंबादासनं ती पट्टी दिव्यासमोर धरली आणि कपाळावर हात मारला. आधीच्या कुठल्यातरी ऑपरेटरनं तुटलेला तुकडा उलटा जोडला होता. मुक्या रिळाच्या दोन्ही कडांना भोकं असतात, मशिनला उलटसुलट काय कळणार? म्हणून पुरुषांना इतकी वर्षं उलटं दिसत होतं आणि बायकांना सुलट.

"अण्णा, तुम्ही तर पलटणीतले," अंबादास म्हणाला. "हे बघा, सगळ्या शिपायांच्या बंदुका डाव्या खांद्यावर आहेत! कसं नाही लक्षात आलं?"

अण्णा पट्टीकडे बघत राहिले. मग हसायला लागले, आणि हसता हसता डोळे पुसायला लागले. "शिपायाकडं मी कवा बघितलंच न्हाय की रं!"

आता ते तेच घर होतं का, असं मला विचारू नका. दारात रणगाडे आले की कुठलीही बाई छातीवर हात ठेवीलच. साहेबांनीही तसंच काहीसं म्हटलं, पण मला बाजूला घेऊन, हळू आवाजात. अंबादास तुकडा सरळ जोडायला निघाला तर अण्णा म्हणाले, "नगं. सरळ केलास तर बायकांस्नी उलटं दिसंल."

शेवटचा खेळ मैंदर्गीत पडला. अण्णांचं गाव. दुसऱ्या दिवशी डबे मुंबईला जायचे होते. त्याच महिन्यात अण्णा रिटायर झाले, माझं लग्न ठरून मी सोलापूर सोडलं, आणि त्या संध्याकाळनंतर मी त्यांना पाहिलं नाही. फार वाटतं, एकदा जाऊन यायला हवं होतं. त्यांच्याशेजारी बसून आत्ताच्या बातम्या बघायला हव्या होत्या. त्यांनी मला मागचं काय काय दाखवलं असतं!

त्या दिवशी अण्णा गिरिजाक्कांना घेऊन आले. ठेंगणी, ताठ बाई, ठसठशीत कुंकू, गळ्यात चांदीची डबी. तिनं आजवर नवऱ्याचा एकही खेळ बघितला नव्हता. "ज्यात तुमचं लिंग गेलं ती लढाई मी कशाला बघू?" म्हणायची. आली तीही तोंड फिरवूनच. अण्णांनी माइक साहेबांच्या हातात दिला आणि सरळ बायकांच्या अंगाला येऊन तिच्याशेजारी मांडी घालून बसले. बायका तोंडाला पदर लावून हसल्या. गावात हे कुणी कधी बघितलं नव्हतं.

साहेबांनी मजकूर वाचायला सुरुवात केली. वाचता वाचता थांबले. शिपायांची रांग चढणीला लागली होती.

"शिपाई सोड," अण्णा बायकोला म्हणाले. "मागं बघ. जिन्यावर."

गिरिजाक्कांनी बघितलं. आणि त्यांचा हात आपसूक मागं गेला आणि डोक्यावरून पदर पुढं आला. सासू समोर आल्यावर सून घेते तसा, कपाळापर्यंत.

घर गेलं, रणगाडा आला, पोरं फुलं टाकायला लागली. त्या अजून पडद्याच्या त्याच जागेकडे बघत होत्या.

"आवं," त्या हळूच म्हणाल्या, "लई वाळल्यात की ओ त्या."

"लढाई हाय न्हवं तितं," अण्णा म्हणाले. "ल्योक बी घरात न्हाय."

 रीळ संपत आलं. मग गिरिजाक्कांनी आपल्या गळ्यातल्या डबीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "असू द्या मग त्यांच्यापाशीच."

पडदा पांढरा झाला. अंबादासनं मशिन लगेच बंद केलं नाही. त्या उजेडात दोघं शेजारी शेजारी बसली होती, गिरिजाक्कांचा पदर अजून कपाळावर होता आणि अण्णांचा उजवा हात मांडीवर स्वस्थ पडला होता.